सार्वजनिक ठिकाणी कोणी सिगारेट ओढत असेल तर: नियम, तक्रार आणि दोनशे रुपयांची पावती

आमच्या ऑफिसच्या इमारतीत तिसऱ्या आणि चौथ्या मजल्यांमधल्या जिन्यात एक लाल बादली टांगलेली होती. आग लागली तर वापरायची, वाळूने भरलेली. दुपारच्या डब्यानंतर तिथे चार-पाच जण उभे असत आणि संध्याकाळपर्यंत वाळूत थोटकांचं पीक आलेलं असे. मला दम्याचा त्रास. लिफ्ट बंद पडली की त्या जिन्यावाचून इलाज नसे. एकदा धीर करून तिथल्या एका गृहस्थांना म्हणालो, "साहेब, इथे ओढायला बंदी आहे." त्यांनी निवांत धूर सोडला आणि विचारलं, "कुठे लिहिलंय?"

मी भिंतीकडे पाहिलं. खरंच कुठे लिहिलेलं नव्हतं.

नंतर कायदा वाचायला बसलो तेव्हा कळलं, मी बोललो ते बरोबर होतं, पण बोललो चुकीच्या माणसाशी. ओढणाऱ्याला दंड आहेच, पण कायद्याची खरी पकड आहे ती त्या जागेच्या मालकावर, मॅनेजरवर, जो कोणी तिथला कारभार पाहतो त्याच्यावर. पाटी लावायची त्याने, तक्रार ऐकायची त्याने, आणि ऐकली नाही तर भुर्दंडही त्यालाच. पुढे काही वर्षं त्याच इमारतीत तक्रार घेणारा माणूस म्हणून माझंच नाव पाटीवर होतं. त्यामुळे खाली जे लिहितोय ते दोन्ही बाजूंनी पाहिलेलं आहे.

कायदा कोणता

आपल्याकडे हा विषय 'कोटपा' या नावाने ओळखला जातो. सिगारेट आणि इतर तंबाखूजन्य उत्पादनांबाबतचा हा केंद्राचा कायदा २००३ चा. त्याआधी मुंबईचे खासदार राहिलेले मुरली देवरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २००१ रोजी सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानावर बंदीचा आदेश दिला होता. कायद्याचं कलम ४ म्हणजे ही बंदी आणि कलम २१ म्हणजे तिचा दंड, जास्तीत जास्त २०० रुपये. हा आकडा २००३ पासून केंद्राच्या कायद्यात तसाच आहे. सिगारेटच्या पाकिटाची किंमत मात्र कुठल्या कुठे गेली.

रोजच्या वापरासाठी कायद्यापेक्षा महत्त्वाचे आहेत ते त्याखालचे नियम. हे 'सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानास प्रतिबंध नियम, २००८' त्या वर्षीच्या २ ऑक्टोबरपासून लागू झाले. पाटी केवढी, दंड कोण घेणार, स्मोकिंग रूम कशी असावी, हे सगळं त्यांत आहे. तक्रार लिहिताना 'कोटपा कलम ४ आणि २००८ च्या नियमांतील नियम ३' एवढं लिहिलं तरी समोरच्याचा सूर बदलतो.

सरकारी इमारतींसाठी राज्याची एक जुनी तरतूदही आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ११६ नुसार कोर्ट, पोलीस ठाणं, सरकारी किंवा सार्वजनिक संस्थेच्या इमारतीत लावलेल्या सूचनेविरुद्ध धूम्रपान करणं किंवा थुंकणं हा गुन्हा आहे. कोटपापेक्षा अर्धशतक आधीची ही तरतूद फारशी कोणाला आठवत नाही.

पहिली पायरी: जागा कायद्यात बसते का ते ठरवा

इथेच निम्मे वाद होतात. कायद्याच्या भाषेत जिथे लोकांची ये-जा असते, मग ती हक्काने असो वा नसो, ती सार्वजनिक जागा. दवाखाने, हॉटेलं, सरकारी कचेऱ्या, कोर्ट, शाळा-कॉलेजं, ग्रंथालयं, नाट्यगृहं, रेल्वेचं वेटिंग रूम आणि सार्वजनिक वाहनं यांची नावं कायद्यातच आहेत. २००८ च्या नियमांनी त्यात कामाची ठिकाणं, मॉल आणि सिनेमागृहं घातली. म्हणजे खासगी ऑफिसही आलं. 'आमच्या ऑफिसात बाहेरचं कोणी येत नाही' हा युक्तिवाद तिथेच संपतो. मालकाच्या केबिनचं दार बंद असलं तरी ती केबिन कामाच्या ठिकाणीच आहे.

आता मोकळी जागा. मूळ कायद्याने मोकळी जागा वगळली आहे, म्हणून रस्त्यावर चालताना सिगारेट ओढणाऱ्यावर कोटपाखाली हात टाकता येत नाही. पण नियमांनी या वगळण्याला वेसण घातली. खुलं प्रेक्षागृह, स्टेडियम, रेल्वे स्टेशन, बस स्टॉप, बस स्टँड आणि लोक जमतात अशा तत्सम जागा 'मोकळी जागा' समजायच्या नाहीत. त्यामुळे प्लॅटफॉर्मला छप्पर नाही किंवा एसटी स्टँडच्या फलाटावर वारा खेळतो, ही सबब चालत नाही. गच्चीवरच्या रेस्टॉरंटलाही मी हाच नियम दाखवतो. वर आकाश असलं तरी खाली लोक जेवत बसलेले असतात.

बाग, मैदान, समुद्रकिनारा इथे मात्र 'तत्सम जागा' या शब्दांवर वाद होऊ शकतो. तिथे आधी त्या संस्थेने स्वतःची सूचना लावली आहे का ते पाहा. पाटी असेल तर तिच्यावर बोट ठेवा. नसेल तर तिथल्या माणसाशी न भांडता पाटी लावण्याचं पत्र संस्थेला द्या.

फुटपाथवरची पान टपरी ही सगळ्यांत चिकट जागा. टपरीसमोरच्या रस्त्यावर उभा राहून ओढणारा बहुतेक वेळा कायद्याच्या बाहेर असतो. पण टपरी बस स्टॉपला खेटून असेल तर स्टॉपवर उभं राहून ओढणारा आत आला. टपरीवाल्यासाठी वेगळे नियम आहेत. अठरा वर्षांखालच्याला तंबाखू विकायची नाही आणि शाळा-कॉलेजपासून १०० यार्डांच्या, म्हणजे साधारण ९१ मीटरच्या आत विक्रीच करायची नाही. शिवाय महाराष्ट्रात सप्टेंबर २०२० पासून सुटी सिगारेट आणि सुटी बिडी विकायला बंदी आहे. ही शेवटची बंदी किती पाळली जाते ते कुठल्याही टपरीवर दोन मिनिटं उभं राहिलं की दिसतं.

दुसरी पायरी: पाटी शोधा

कुठल्याही जागेत शिरलात की आधी दारावर बघा. पाटी पांढऱ्या पार्श्वभूमीवर, किमान ६० सेंटिमीटर बाय ३० सेंटिमीटर हवी. तिच्यावर किमान १५ सेंटिमीटर व्यासाचं वर्तुळ, त्याची लाल कड किमान ३ सेंटिमीटर रुंद, आत धूर सोडणारी सिगारेट किंवा बिडी आणि तिच्यावर तेवढ्याच रुंदीची लाल पट्टी. खाली मजकूर, हे धूम्रपान निषिद्ध क्षेत्र आहे आणि येथे धूम्रपान करणे हा गुन्हा आहे, या अर्थाचा. प्रवेशद्वारं जितकी तितक्या पाट्या. इमारत मजल्यांची असेल तर प्रत्येक मजल्यावर, जिन्यात आणि लिफ्टच्या तोंडाशीही.

स्टेशनरीच्या दुकानात मिळणारा तळहाताएवढा स्टिकर या मापात बसत नाही. मी एका उपाहारगृहात शाळेची पट्टी काढून मापून दाखवलं होतं. मॅनेजरला हसू आलं, पण दोन आठवड्यांनी नवी पाटी लागली.

पाटीइतकीच मोलाची, आणि जवळजवळ सगळीकडे गायब असलेली गोष्ट म्हणजे तक्रार कोणाकडे करायची त्या माणसाचं नाव. नियम ३ नुसार ते ठळकपणे लावायलाच हवं. बहुतेक ठिकाणी पाटी असते, त्याखालची नावाची जागा कोरी असते. तुमच्या तक्रारीचा पहिला मुद्दा हाच करा. सिगारेट ओढणारा पाच मिनिटांत निघून जातो आणि त्याला सिद्ध करणं कठीण. कोरी जागा उद्याही कोरीच असते.

तिसरं, जागेत ॲश ट्रे, काडेपेटी, लायटर किंवा ओढायला सोय करून देणारं काहीही ठेवायचं नाही. आमची वाळूची बादली याच खोड्यात सापडली. बादली काढता येत नव्हती, कारण ती आगीसाठी लागते. शेवटी तिला पत्र्याचं सैल झाकण बसवलं. झाकण उचलून थोटूक टाकायचा कंटाळा बहुतेकांना येतो, हे मला तेव्हा कळलं.

तिसरी पायरी: तोंडी सांगा, पण योग्य माणसाला

ओढणाऱ्याला एकदा सौम्यपणे विचारायला हरकत नाही. "दादा, जरा बाहेर जाऊन ओढता का, मला त्रास होतो" एवढंच. बरेच जण ऐकतात. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रात तंबाखूचा वापर करणारे प्रौढ २६.६ टक्के होते, पण त्यांतले बहुतेक खाणारे. धूर काढणारे फक्त ३.८ टक्के. म्हणजे ज्या खोलीत तुम्ही गप्प बसलेले असता तिथल्या बहुतेकांना तुमच्यासारखाच त्रास होत असतो.

त्याने ऐकलं नाही की दुसऱ्यांदा त्याच्याशी बोलू नका. काउंटरवर जा आणि विचारा, "इथे धूम्रपानाची तक्रार कोण घेतं?" उत्तरात नाव मिळालं तर त्या माणसाला सांगा. "असं कोणी नाही" असं उत्तर आलं तर ते उत्तर देणाऱ्याचा हुद्दा, तारीख आणि वेळ मोबाईलमध्ये टिपून ठेवा. हीच टिपणं पुढच्या पत्राचा पाया होतात.

फोटो काढायचेच तर भिंतीचे काढा. पाटी नसलेलं दार, टेबलावरचा ॲश ट्रे, जिन्यातली थोटकं. अनोळखी माणसाच्या चेहऱ्यासमोर मोबाईल धरलात की विषय सिगारेटचा राहत नाही, मोबाईलचा होतो, आणि मग तुम्हीच आरोपीच्या पिंजऱ्यात.

चौथी पायरी: लेखी

तोंडी सांगून दोन-चार दिवसांत काही हललं नाही तर जागेच्या प्रमुखाला पत्र द्या. आमच्या इमारतीत चाललेला मजकूर असा होता:

"दिनांक अमुक रोजी दुपारी २ वाजता आपल्या इमारतीच्या जिन्यात पाच व्यक्ती धूम्रपान करत होत्या. मी तत्काळ सुरक्षारक्षकांना सांगितले, कारवाई झाली नाही. तिसऱ्या व चौथ्या मजल्यावर विहित सूचनाफलक नाही. तक्रार स्वीकारणाऱ्या व्यक्तीचे नाव कोठेही लावलेले नाही. कोटपा कलम ४ व २००८ च्या नियमांतील नियम ३ नुसार ही जबाबदारी आपली आहे. पंधरा दिवसांत केलेली कार्यवाही लेखी कळवावी."

एवढंच. तंबाखूने कॅन्सर होतो वगैरे लिहू नका. वाचणाऱ्याला ते ठाऊक असतं आणि त्याला तेवढ्यासाठी काही करावं लागत नाही. 'पाच व्यक्ती' हा आकडा मात्र सोडू नका. तक्रार येऊनही प्रमुखाने काही केलं नाही तर त्याला जितके गुन्हे तितका दंड होऊ शकतो. पाच जण ओढत होते तर पाचांचा, म्हणजे हजारापर्यंत. रक्कम मोठी नाही, पण ती स्वतःच्या नावावर लागणार म्हटलं की मॅनेजर खुर्चीतून उठतो. पत्राची दुसरी प्रत न्या आणि तिच्यावर पोच घ्या, सही, शिक्का, तारीख. पोच नसलेलं पत्र दिलं नाही असंच समजा.

दंड कोण घेऊ शकतं

'दंड पोलीसच घेणार' हा समज चुकीचा आहे. नियमांच्या परिशिष्टात अधिकाऱ्यांची लांबलचक यादी आहे. फौजदार म्हणजे उपनिरीक्षक आणि त्यावरचे पोलीस, अन्न व औषध प्रशासनाचे त्या दर्जाचे अधिकारी, आरोग्य निरीक्षक हे आपापल्या हद्दीतल्या सगळ्या सार्वजनिक जागांसाठी. स्टेशनवर स्टेशन मास्तर. सरकारी कचेरीत राजपत्रित अधिकारी. दवाखान्यात वैद्यकीय अधीक्षक किंवा प्रशासक, मग दवाखाना खासगी असला तरी. पोस्टात पोस्टमास्तर, ग्रंथालयात ग्रंथपाल, शाळेत मुख्याध्यापक आणि शिक्षकसुद्धा. खासगी ऑफिसात एचआर मॅनेजर किंवा प्रशासन प्रमुख. गावात सरपंच. एसटीत कंडक्टर. आपल्याला हा अधिकार आहे हे यांतल्या बऱ्याच जणांना माहीत नसतं. मी एका ग्रंथपालबाईंना यादी दाखवली तेव्हा त्यांनी चष्मा पुसून ती दोनदा वाचली.

पकडलेल्याने दंड भरला, पावती घेतली, की प्रकरण मिटलं. कायद्यात याला तडजोड म्हणतात, त्यानंतर खटला चालत नाही. भरायला नकार दिला तर प्रकरण न्यायदंडाधिकाऱ्यापुढे जाऊ शकतं. नाव-पत्ताच सांगितला नाही तर अधिकृत अधिकारी त्याला थांबवून ठेवू शकतो, कलम २५ तेच सांगतं. पावतीशिवाय पैसे द्यायचे नाहीत आणि घ्यायचेही नाहीत. ही रक्कम सरकारजमा होते, ऑफिसच्या चहापाण्याच्या डब्यात जात नाही. पावतीपुस्तक आणि माहितीसाठी जिल्हा तंबाखू नियंत्रण कक्षाशी बोला. तो सहसा जिल्हा रुग्णालयात बसतो.

चालत्या रेल्वेत स्टेशन मास्तर कुठून आणणार? तिथे १३९ वर फोन करा किंवा मेसेज टाका, डब्याचा आणि गाडीचा नंबर देऊन. रेल्वे कायदा, १९८९ च्या कलम १६७ नुसार डब्यात सहप्रवाशाने हरकत घेतल्यावर धूम्रपान करणं हाही गुन्हा आहे. त्यामुळे हरकत मोठ्याने, दोघातिघांना ऐकू जाईल अशी घ्या. दाराशी उभा राहून किंवा टॉयलेटमध्ये जाऊन ओढणारा स्वतःला डब्याबाहेर समजतो. तो डब्यातच असतो.

स्मोकिंग रूम खरी की नावापुरती

तीस किंवा अधिक खोल्यांचं हॉटेल, तीस किंवा अधिक जणांची बैठक असलेलं रेस्टॉरंट आणि विमानतळ, एवढ्यांनाच वेगळी धूम्रपान जागा ठेवता येते. बारा टेबलांची खानावळ कोपऱ्यात पडदा लावून 'स्मोकिंग झोन' म्हणत असेल तर आधी खुर्च्या मोजा.

ज्यांना परवानगी आहे त्यांच्याही खोलीला चारही बाजूंनी छतापर्यंत भिंती हव्यात, आपोआप बंद होणारं दार हवं, आणि धूर थेट इमारतीबाहेर टाकणारी यंत्रणा हवी. आतल्या हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा कमी पाहिजे. हे तपासायला यंत्र लागत नाही. दार बोटभर उघडं करून फटीसमोर टिश्यू पेपरची पट्टी धरा. ती आत ओढली गेली तर ठीक. तुमच्याकडे फडफडली तर धूरही तुमच्याकडेच येतोय. ही जागा येण्याजाण्याच्या वाटेवर नको, आणि तिच्यात चहा, जेवण, पेय काहीही द्यायचं नाही. वेटर आत ट्रे घेऊन जाताना दिसला की नियम मोडला.

हुक्क्याचा विषय वेगळा. डिसेंबर २०१७ मध्ये मुंबईतल्या कमला मिल्सच्या आगीत १४ जण गेले, त्यानंतर २०१८ मध्ये राज्याने कोटपात दुरुस्ती करून हुक्का पार्लरवर बंदी घातली. तिथे शिक्षा एक ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते एक लाख दंड. ई-सिगारेटवर २०१९ च्या केंद्रीय कायद्याने उत्पादनापासून विक्री-साठवणुकीपर्यंत बंदी आहे. या दोन्हींसाठी मॅनेजरला पत्र वगैरे नको, सरळ पोलिसांत जा.

सोसायटीत काय

सगळ्यात जास्त प्रश्न इथलेच येतात आणि कायदा इथेच सगळ्यात तोकडा पडतो. शेजारी स्वतःच्या घरात, स्वतःच्या बाल्कनीत ओढत असेल तर कोटपा लागत नाही. जिना, लिफ्ट, लॉबी, सोसायटीचं ऑफिस इथे बाहेरच्यांची ये-जा असते म्हणून सार्वजनिक जागेचा मुद्दा मांडता येतो, पण नुसत्या त्या मुद्द्यावर विसंबू नका. सर्वसाधारण सभेत ठराव करून घ्या की सामाईक जागेत धूम्रपान बंद. विषयपत्रिकेत तो आधी यायला हवा, आयत्या वेळच्या विषयांत टाकलात तर उद्या कोणी त्याच्यावर बोट ठेवील. ठराव झाला की नियमांतल्या मापाची पाटी लावा आणि खाली सेक्रेटरींचं नाव घाला.

बाल्कनीतून येणाऱ्या धुरासाठी मला तरी बोलण्याखेरीज उपाय सापडलेला नाही. वेळ ठरवून घेतली, की बाबा रात्री नऊनंतर आमच्या खिडक्या बंद असतात तेव्हा ओढ, असं दोन घरांत जमलेलं पाहिलं आहे.

कोणीच हललं नाही तर

पत्राची मुदत संपली की पोच जोडून तक्रार जिल्हा तंबाखू नियंत्रण कक्षाकडे आणि स्थानिक पोलीस ठाण्याकडे द्या. शासकीय कार्यालयाविरुद्ध असेल तर 'आपले सरकार' पोर्टलवरही टाका. त्यालाही प्रतिसाद नसेल तर माहितीचा अधिकार. महाराष्ट्रात अर्जाला दहा रुपये शुल्क, मजकूर दीडशे शब्दांत आणि एकाच विषयावर, उत्तराची मुदत तीस दिवस. 'कारवाई का केली नाही' असं विचारू नका, 'का'चं उत्तर देणं त्यांच्यावर बंधनकारक नाही. विचारा: गेल्या आर्थिक वर्षात आपल्या कार्यक्षेत्रात कोटपा कलम ४ खाली किती पावत्या फाडल्या, किती रक्कम जमा झाली, आपल्या इमारतीत तक्रार स्वीकारण्यासाठी नेमलेल्या व्यक्तीचं नाव व नियुक्तीच्या आदेशाची प्रत. नियुक्तीचा आदेश नसला तर अर्ज आल्यावर तो घाईघाईने निघतो. मागच्या तारखेचा निघतो की कसं, ते कागदावरची जावक तारीख सांगते.

पाटीवर तुमचंच नाव आलं तर

आमच्याकडे पत्र दिल्यावर प्रशासनाने सोपा मार्ग काढला, तक्रार करणाऱ्यालाच नेमलं. पहिल्याच आठवड्यात ते 'कुठे लिहिलंय'वाले गृहस्थ पुन्हा भेटले. मी काही बोललो नाही, पाटीकडे हात केला. त्यांनी मजकूर वाचला, खालचं नाव वाचलं, माझ्या गळ्यातल्या ओळखपत्राशी पडताळलं आणि सिगारेट पाकिटात परत ठेवली.

हे काम अंगावर आलं तर एक साधी वही ठेवा. तारीख, वेळ, मजला, किती जण, काय केलं. पहिल्या वेळी समज, दुसऱ्यांदा प्रशासन प्रमुखांकडून पावती, आणि त्यात साहेब-शिपाई फरक करायचा नाही. साहेबांना सोडलंत की वही फाडून टाकलेली बरी. सफाई कामगारांशी बोला, थोटकं कुठल्या कोपऱ्यात सापडतात हे सीसीटीव्हीपेक्षा त्यांना जास्त कळतं. आणि पाटीच्या खाली जागा उरत असेल तर तंबाखू सोडू इच्छिणाऱ्यांसाठीचा मोफत राष्ट्रीय क्रमांक लिहा: १८००-११-२३५६. आमच्या जिन्यात तो लावला त्या दिवशी संध्याकाळी कोणीतरी पाटीचा फोटो काढून नेला होता. कोण ते मी विचारलं नाही.